पाठीवरची चौकट

अलास्कांतील मूस नांवाच्या थोरल्या हरणाचा पुरा वाढलेला नर मारला, तर सुमारें ५०० पौंड खाण्याजोगें मांस निघतें. गाडीची वाट जेथें संपते त्याच्या पलीकडे हें जनावर पडलें, कीं शिकार संपली असें आपणांस वाटेल. शिकाऱ्याच्या कष्टांस आरंभ मात्र तेथूनच होतो. शंभर पौंडांची एक खेप धरली तरी पांच खेपा झाल्या, आणि तोंवर मांस टिकलें पाहिजे. खाण्याजोगें मांस रानांत टाकून येणें हा तेथें गुन्हा आहे. मांस मागें ठेवून शिंगें आधीं नेण्यासही मनाई आहे. जनावर मारणेंच ज्यांस मान्य नाहीं, त्या वाचकांनींही हा कायदा शहाणपणाचा आहे एवढें कबूल करावें.

हें ओझें वाहावयाचें कशांत? पिशवींत, असें उत्तर चटकन् सुचतें; परंतु या साधनाचा इतिहास पाहिला तर पिशवीचा मान दुय्यम ठरतो. १९९१ सालीं आल्प्स पर्वतांतील बर्फांत सुमारें ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका मनुष्याचें शव सांपडलें. त्याच्याजवळ हेझलची वांकविलेली काठी व लार्चच्या दोन फळ्या होत्या. ती पाठीवरची चौकट असावी, असें बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या पोटांत रानबोकड व हरीण यांचें मांस निघालें!

कॅनडांतील फरच्या व्यापाराचे नावाडी नव्वद पौंडांचे दोन गठ्ठे कपाळावरच्या पट्ट्यानें वाहून नेत. आपल्या हिमालयांतील भारवाहकही कपाळपट्टाच वापरतात. ही रीत मानेवर भार घालते, आणि तशी मान लहानपणापासून कमवावी लागते. नॉर्वेंत ओले बर्गन यानें १९०८ सालीं शिकारीच्या वेळीं खांद्यांस रुतणाऱ्या पिशवीला कंटाळून पाठीच्या आकाराची फांदी वांकवून तिला जोडली, अशी कथा सांगतात.

मला सर्वांत उद्बोधक वाटते ती लॉइड नेल्सनची हकीकत. १९२० च्या सुमारास अलास्कांत हिंडत असतां त्याला तेथील एका मूळ रहिवाशाकडून पाठीवरची चौकट मिळाली: विलोच्या काठ्या आणि त्यांवर ताणलेलें सीलचें कातडें. नेल्सननें लांकडी चौकटीवर जाड कापड ताणलें, म्हणजे कठीण भार पाठीला टोंचेना. पिशवी त्यानें लांब तारांनीं अडकविली. तारा ओढल्या कीं पिशवी सुटे व उघड्या चौकटीवर हरणाची तंगडी दोरीनें बांधतां येई. १९२४ सालीं त्याला पेटंट मिळालें, आणि ‘ट्रॅपर नेल्सन’ हें नांव घरोघर झालें. काठ्या व कातडें ज्या लोकांचें, त्यांतील एकाचेंही नांव त्या पेटंटाबरोबर गाजलें नाहीं. शोधाचें श्रेय बहुधा कचेरींत अर्ज करणाऱ्यास मिळतें.

तरीही भार खांद्यांवरच राहिला होता. कॅलिफोर्नियांतील डिक केल्टी यानें १९५२ सालीं ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट विकण्यास काढली. पिशव्या त्याची पत्नी शिवीत असे. त्याची खरी करामत कमरेच्या पट्ट्यांत होती. त्या पट्ट्यानें भार कमरेच्या हाडांवर उतरला, व खांद्यांकडे केवळ तोल सांभाळणें उरलें.

आज दुकानांत गेलेला शिकारी खिसे मोजतो. त्याहून आधीं त्यानें आपल्या पाठीची लांबी मोजावी. चौकट आंखूड असली तर पट्टा कमरेवर नीट बसत नाहीं. नंतर पिशवी सोडवून, नुसत्या चौकटीवर वाळूचीं पोतीं बांधून जिना चढून पाहावा. चौकट वांकली कीं भार पुन्हां खांद्यांवर येतो. मांस बांधावयाचें तें चौकट व पिशवी यांच्यामध्यें, पाठीला लगटून आणि उंच; खालीं लोंबलें तर तें माणसाला मागें ओढतें. त्याभोंवती सुती कापडाची थैली असावी, म्हणजे वारा लागतो. आणि जिना चढतांना जी खेप झेपली, तिच्या हिशेबानें, बंदूक उचलण्यापूर्वींच, गाडीपासून किती मैल आंत जावयाचें तें ठरवावें.