सुई, कादंबरी आणि ३० ऑगस्ट १७९७

बायकोला सातवा महिना लागल्यापासून आमच्या घरात दोन गोष्टींवर वाद चालू आहेत. तिने हातांनी काय करावं आणि डोक्याने काय करावं. सासूबाईंनी लोकरीचे गुंडे आणि सुया पाठवल्या, तर लगेच माझ्या आत्याचा फोन, की बाळ यायच्या आधी कपडे करून ठेवायचे नसतात! कादंबऱ्यांचं तर विचारूच नका. खुनाबिनाचं या दिवसांत वाचू नये म्हणे, अभिमन्यूने पोटात असतानाच चक्रव्यूह ऐकला होता, ठाऊक आहे ना? बायको शांतपणे टाके मोजते आणि उशाशी रहस्यकथा ठेवते. मी इंजिनियर माणूस, घरच्या वादात पडण्यापेक्षा इतिहासात पडलेलं बरं, म्हणून गेले तीन वीकेंड वाचत बसलो. तिथे एक बाई भेटली. तिने शिवणकाम आणि कादंबऱ्या या दोन्हींवर सणसणीत टीका केली होती, आणि ऐन बाळंतपणाच्या दिवशी नवऱ्याकडे कादंबरीच मागितली होती.

मेरी वोलस्टोनक्राफ्ट. जन्म १७५९, लंडन. १७९२ साली तिने स्त्रियांच्या हक्कांवर ते प्रसिद्ध पुस्तक लिहिलं. मुलींच्या हातात सतत सुई दिल्याने त्यांची बुद्धी आकसते, त्यांचं सगळं लक्ष स्वतःच्या अंगावरच्या कपड्यांत अडकून पडतं, असं तिचं म्हणणं. पुरुष कपडे शिवायला टाकतो आणि विषय संपवतो, बायकांचा तो विषय कधी संपतच नाही. कादंबऱ्यांवर तर त्याहून जास्त राग. त्या वाचून मुली खोट्या भावनांच्या आहारी जातात, वगैरे.

त्यामुळे तिचा तो कादंबरीचा निरोप बरेचदा एक गंमत म्हणून सांगितला जातो. बघा, शेवटी हिलाही कादंबरीच लागली! मला हे पटत नाही. पुस्तक नीट वाचलं तर दोन्ही ठिकाणी तिने अपवाद ठेवलेले दिसतात. साध्या घरातली बाई नवऱ्याचे आणि मुलांचे कपडे शिवते ते घरचंच काम आहे, त्याबद्दल तिची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती केवळ नटण्यासाठी तासन्‌तास घालवण्याबद्दल. आणि कादंबऱ्यांबद्दल ती स्पष्ट म्हणते, की डोकं कोरं ठेवण्यापेक्षा कुठलंही वाचन बरं. म्हणजे सुई वाईट नाही, कादंबरीही वाईट नाही. बाईला या दोनच गोष्टी देऊन बाकीची दारं बंद करणं वाईट. आपल्याकडे वाद घालणारे लोक हेच वाक्य नेमकं सोडून देतात, तेव्हाही देत होते.

जाता जाता एक खुलासा. गरोदर बाई खिडकीशी बसून तान्ह्यासाठी लोकर विणते आहे, हे चित्र या मेरीच्या काळाचं नाही. तेव्हा बाळाचे कपडे म्हणजे सुती किंवा तागाच्या कापडाचे सदरे आणि टोपड्या, सगळं हाताने शिवलेलं. गरीब बाळंतिणींना असा कपड्यांचा संच महिनाभर उसना देणाऱ्या धर्मादाय मंडळ्याही होत्या. विणकामाची छापील पुस्तकं घरोघर पोचली ती नंतर, १८४० च्या आसपास. त्या साली एडिंबरामध्ये जेन गॉगेन नावाच्या बाईंनी काढलेल्या पुस्तकात सुलट-उलट टाक्यांना एकेक अक्षर आणि आकडा देऊन ओळीच्या ओळी लिहिल्या आहेत. मी बघितलं तर सरळ सरळ सोर्स कोड! लूपसुद्धा आहेत. बायको म्हणाली, यात नवीन काय, आईच्या वहीत असंच असतं.

असो. मूळ गोष्टीकडे येऊ.

१७९७ च्या मार्चमध्ये मेरीने विल्यम गॉडविन या लेखकाशी लग्न केलं, तेव्हा ती गरोदर होती. पहिली मुलगी फॅनी आधीच्या संबंधातली, १७९४ साली फ्रान्समध्ये झालेली. त्या वेळी पोटात बाळ असताना ही बाई फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास लिहीत होती. या खेपेला ती एक कादंबरी लिहीत होती. नवऱ्याने वेड्यांच्या इस्पितळात डांबलेली, तान्ही मुलगी हिरावून घेतलेली एक बाई, तिथे मिळतील ती पुस्तकं वाचते आणि मुलीसाठी स्वतःची हकीकत लिहून ठेवते. त्या नायिकेला कोठडीत काय वाचायला मिळतं? रूसोची कादंबरी!

दोघं लंडनच्या सॉमर्स टाऊन भागात राहायचे. गॉडविनने लिहिण्यासाठी थोड्या अंतरावर वेगळी खोली घेतली होती (आजच्या भाषेत वर्क फ्रॉम होम, पण दुसऱ्याच्या होममधून). ३० ऑगस्टला पहाटे कळा सुरू झाल्या. मेरीने त्याला कामाला पाठवून दिलं आणि दिवसभरात तीन चिठ्ठ्या धाडल्या. पहिलीत म्हणते, की आज त्या प्राण्याचं तोंड दिसणार यात शंका नाही. प्राणी म्हणजे बाळ. मुलगाच होणार असं धरून नावसुद्धा ठरलं होतं, विल्यम. वर्तमानपत्र पाठव, आणि वेळ जाण्यासाठी, उत्सुकता टिकून राहील अशी निव्वळ करमणुकीची एखादी कादंबरी असेल तर बघ, असंही त्यातच लिहिलंय. तिसऱ्या चिठ्ठीत सुईणीचा हवाला. सगळं ठीक आहे, फक्त थोडा धीर धरायला हवा.

सुईण बोलावली होती, डॉक्टर नाही, कारण हे काम बायकांचं आहे असं मेरीचं ठाम मत होतं. महिनाभर खोलीत पडून राहणाऱ्या बायकांची ती चेष्टा करायची. दुसऱ्या दिवशी जेवायला खाली उतरायचा तिचा बेत होता. (आमच्या आत्याला हे सांगितलं तर सव्वा महिन्यावर अर्ध्या तासाचं भाषण ऐकावं लागेल.)

रात्री ११ वाजून २० मिनिटांनी मुलगी झाली. पण वार पडेना. मग वेस्टमिन्स्टरच्या प्रसूती रुग्णालयातून डॉक्टर आणला. त्याने हाताने, तुकड्यातुकड्यांनी वार काढली. क्लोरोफॉर्म यायला अजून ५० वर्षं होती, आणि हात धुवायची पद्धत यायला साधारण तेवढीच. काही दिवसांत ताप आणि हुडहुडी. बाळाला अंगावर पाजणं बंद झालं, दूध काढायला कुत्र्याची पिल्लं लावली. १० सप्टेंबरला सकाळी ती गेली. वय ३८.

मला यातला सर्वांत जास्त राग आणणारा तपशील वेगळाच आहे. १७९५ साली, म्हणजे दोनच वर्षं आधी, ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डन या डॉक्टरने बाळंतज्वरावर पुस्तक छापलं होतं. कुठल्या बाईकडे कुठली सुईण गेली याची यादी करून त्याने दाखवून दिलं होतं, की हा रोग डॉक्टर आणि सुइणींमार्फत एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो. आपणही तो नेला हे त्याने लिहून कबूल केलं. गाव त्याच्यावर उलटलं. बग रिपोर्ट फाईल झाला होता, रिप्रोड्यूस करायच्या स्टेप्ससकट. पॅच पन्नासेक वर्षं कुणी लावला नाही. आणि आपण चर्चा कशाची करतो, तर गरोदर बाईने काय वाचावं याची.

ती मुलगी म्हणजे मेरी शेली. १८१४ च्या जुलैत, सतरावं लागायच्या आत... छे, सतरावं पुरं व्हायला महिना बाकी असताना, ती पर्सी शेली या विवाहित कवीबरोबर पळून गेली आणि लवकरच तिला दिवस गेले. त्या साली वाचलेल्या पुस्तकांची यादी तिने ठेवली आहे. त्यात ल्युईसची 'द मंक' आहे, म्हणजे भुतंखेतं, खून, सगळं काही. वडलांची 'केलब विल्यम्स' आहे. आणि आईची ती अपुरी राहिलेली कादंबरीही आहे, जी गॉडविनने १७९८ साली छापली होती.

२२ फेब्रुवारी १८१५ ला बाळ झालं, दिवस भरायच्या आधीच. ६ मार्चला सकाळी ते मेलेलं आढळलं. मग १३ मार्चची नोंद. शेली बाहेर गेलाय, ती एकटी घरी आहे, जाळी विणत बसली आहे. तिने लिहिलंय, की वाचून मन दुसरीकडे वळवलं नाही तर विचार फिरून तिथेच येतात, की मी आई होते आणि आता नाही. हात कामात होते, पण डोकं रिकामं होतं. पुढे सहा दिवसांनी स्वप्नाची नोंद आहे. बाळ फक्त गारठलं होतं, शेकोटीपाशी चोळल्यावर जिवंत झालं.

'फ्रँकेन्स्टाइन' तिने १८१६ च्या उन्हाळ्यात सुरू केली. डिसेंबरमध्ये पुन्हा दिवस राहिले आणि बराचसा मजकूर त्या महिन्यांत लिहून झाला, मेमध्ये हस्तलिखित पुरं. क्लारा २ सप्टेंबर १८१७ ला जन्मली. तीनच आठवड्यांनी छापखान्याची प्रुफं तपासायची होती. २४ सप्टेंबरला तिने शेलीला पत्रात कळवलं, की मी दमले आहे, डोकं नीट चालत नाहीये, तुला हवे ते बदल तूच कर.