मेजवानीचे परिपत्रक, नगरची दोन भाषणे आणि मुंबई उच्च न्यायालय

१/ न्यायमूर्ती दिनशा दावर यांना ‘सर’ हा किताब मिळाला, तेव्हा मुंबईच्या वकीलवर्गाने त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी देण्याचे योजिले. परिपत्रक फिरू लागले. बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मात्र त्यावर संमतीऐवजी निषेधाचा शेरा लिहिला. या शेऱ्याचा धागा पुढे अहमदनगरपर्यंत (आजचे अहिल्यानगर) येतो.

२/ १८९७ च्या राजद्रोह खटल्यात लोकमान्य टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर दावरच होते. १९०८ मध्ये तेच न्यायासनावर होते. टिळकांच्या वतीने जिनांनी मागितलेला जामीन त्यांनी नाकारला. ज्यूरीने ७ विरुद्ध २ मतांनी टिळकांना दोषी ठरवले आणि २२ जुलै १९०८ रोजी दावर यांनी सहा वर्षे हद्दपारी व १,००० रुपये दंड ठोठावला.

३/ सरकारला हवे तसे वागून किताब मिळवणाऱ्या न्यायाधीशाला मेजवानी देण्याची वकीलवर्गाला लाज वाटावी, असा जिनांच्या शेऱ्याचा आशय होता. ही हकीकत मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांनी ‘रोझेस इन डिसेंबर’ या आत्मचरित्रात दिली आहे. दावर यांनी जिनांना दालनात बोलावून विचारले, मी तुम्हांला कधी वाईट वागवले काय? जिना उत्तरले की वागणूक नेहमीच चांगली होती, परंतु त्यासाठी सत्य दडपता येणार नाही.

४/ १९१४ मध्ये टिळक मंडालेहून सुटले. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली. पाठोपाठ तीन भाषणे गाजली. पहिले १ मे रोजी बेळगावात झाले, तर ३१ मे व १ जून ही दोन्ही नगरला झाली. बादशहा व साम्राज्य कायम राहो, परंतु कारभार लोकांच्या हाती यावा, हे त्यांचे सूत्र होते.

५/ २३ जुलै १९१६ रोजी टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली. पुण्यात सत्कार झाला, एक लाख रुपयांची थैली अर्पण करण्यात आली आणि टिळकांनी ती राष्ट्रकार्यास दिली. त्याच सुमारास सरकारची नोटीसही आली.

६/ हा राजद्रोहाचा नेहमीचा खटला नव्हता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०८ खाली केवळ ‘चांगल्या वर्तणुकीची’ हमी मागता येत असे. त्यासाठी ज्यूरी लागत नसे आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम पुरे होई. पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट हॅच यांनी २०,००० रुपयांचा जातमुचलका व प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीनदार एका वर्षासाठी मागितले. हुकूम कायम राहता, तर पुढच्या प्रत्येक सभेत टिळकांना जामिनाच्या रकमेचा विचार करूनच बोलावे लागले असते.

७/ उच्च न्यायालयात टिळकांची बाजू जिनांनी मांडली. न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती लल्लूभाई शहा यांच्यापुढे त्यांचे दोन मुद्दे होते. टीका नोकरशाहीवर आहे, सरकारवर नाही, हा पहिला. तो सरसकट मान्य झाला नाही, कारण सरकार आपल्या अधिकाऱ्यांमार्फतच चालते. भाषणे सुटी वाक्ये काढून नव्हे, तर अखंड व निःपक्षपातीपणे वाचावीत, हा दुसरा मुद्दा मात्र निर्णायक ठरला. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हॅच यांचा हुकूम रद्द झाला.

८/ हा निकाल ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’च्या १९ व्या खंडात पृष्ठ २११ वर छापला गेला. १८९९ पासून निघणाऱ्या या नियतकालिकामुळे उच्च न्यायालयाचे निर्णय गावोगावच्या वकिलांच्या हाती पडत. नगरच्या सभेतील मराठी शब्द अशा रीतीने कायद्याच्या ग्रंथालयात जाऊन बसले आणि दुसऱ्या वक्त्याच्या बचावासाठी दाखला म्हणून उपलब्ध झाले.

९/ टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५६ मध्ये, १९०८ चा खटला चाललेल्या त्याच दालनाबाहेर टिळकांच्या स्मरणार्थ शिलालेख बसवण्यात आला. त्याचे अनावरण छागला यांनीच केले. त्यावर कोरलेले शब्द दावर यांच्या निकालातले नाहीत. शिक्षा ऐकण्यापूर्वी आरोपीने काढलेले उद्गार तेथे आहेत. वकीलवर्गाने सन्मान कोणाचा करावा, हा परिपत्रकावर उपस्थित झालेला प्रश्न न्यायालयाने आपल्या भिंतीवर असा सोडवला.