निस्सय : मार्गदर्शनाची धम्मपरंपरा आणि नांदेड-लातूरचे विद्यार्थी

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आला आहे. आरंभीच्या काळात भिक्खूंना उपज्झाय, म्हणजे उपाध्याय, नव्हते. समजावून सांगणारे कोणी नसल्याने ते चीवर नीट न पांघरता भिक्षेस जात, लोक जेवीत असता त्यांच्यापुढे आपले पात्र धरीत, वरण-भात मागून घेत आणि भोजनशाळेत गलका करीत. लोक निंदा करू लागले. तथागतांनी त्या भिक्खूंची कानउघाडणी केली. परंतु तेवढ्यावर न थांबता त्यांनी उपज्झायाची योजना केली. शिष्याने उपज्झायास पित्यासमान आणि उपज्झायाने शिष्यास पुत्रासमान मानावे, शिष्याजवळ पात्र-चीवर नसेल तर ते मिळवून द्यावे, तो आजारी पडल्यास त्याची शुश्रूषा करावी, असे नियम झाले. नवागताच्या चुकीचे मूळ त्याच्या स्वभावात नसून त्याला कोणी सांगितले नाही यात आहे, हे येथे प्रथम ओळखले गेले.

आमच्या विद्यापीठांचा इतिहास या प्रसंगाशेजारी ठेवून पाहावा असे आम्हांस वाटते.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. त्यापूर्वी, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तत्कालीन औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले होते. त्यास पुढे मिलिंदाचे आणि परिसरास नागसेनाचे नाव मिळाले. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयास आणि उत्तर देणाऱ्याचे नाव वनास, ही योजना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. सुमारे अडीचशे किलोमीटरांवरील नांदेडचा विद्यार्थी पत्र्याची पेटी घेऊन तेथे पोचे, तेव्हा त्याच्या घरात महाविद्यालय पाहिलेले बहुधा कोणी नसे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यात मारले गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूर जिल्हाही त्याच्या कार्यक्षेत्रात आला. विद्यापीठाच्या दारासाठी ज्या जिल्ह्याने एवढी किंमत मोजली, त्या जिल्ह्यातील मुलगा दारातून आत गेल्यावर कोणाला विचारतो, हा प्रश्न मात्र इतिहासलेखनात क्वचितच येतो.

लातूरने एक उत्तर शोधले होते. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या काळात जादा तास, वारंवार चाचण्या आणि शिक्षकांचे सततचे लक्ष यांतून जी पद्धत घडली तिला लोक 'लातूर पॅटर्न' म्हणू लागले. हेच वाघमारे पुढे नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. लातूरच्या पद्धतीने ग्रामीण मुलांना गुणवत्ता यादीत नेले, हे मोठे काम होय. परंतु तिची नजर बारावीच्या आणि प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होती. पुढे तिच्याभोवती खासगी शिकवण्यांची बाजारपेठ उभी राहिली, आणि ज्याच्या घरी शुल्कास पैसे नाहीत तो पुन्हा एकटा पडला. शिवाय गुण मिळविणे वेगळे आणि कोणती वाट आपली हे समजणे वेगळे.

सिगालोवाद सुत्तात आचार्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. उत्तम शिकविणे त्यांत आहेच. पण शेवटचे कर्तव्य शिष्याचे सर्व दिशांना रक्षण करणे हे आहे. आम्हांस येथे केळुसकर गुरुजी आठवतात. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या भीमरावास त्यांनी हेरले, १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. वाट ठाऊक असणे आणि ती उघडून देणे, दोन्ही त्यांनी केले. पण त्या बागेत केळुसकर येत नसते तर?

विनयाने हा योगायोग नियमात आणला. नवा भिक्खू किमान पाच वर्षे निस्सयात, म्हणजे वडीलधाऱ्याच्या आश्रयात, राही. उपज्झाय निघून गेला किंवा मरण पावला तर शिष्य उघडा पडू नये म्हणून आचरियाची सोय झाली. उपसेन नावाच्या भिक्खूने स्वतःस पुरती दोन वर्षे झाली नसता शिष्य केला, तेव्हा तथागतांनी त्यास फटकारले आणि दहा वर्षांची अट घातली. मग दहा वर्षे झालेले अजाण भिक्खूही शिष्य करू लागले. तेव्हा ज्येष्ठतेबरोबर योग्यताही हवी असा नियम झाला. सेवाज्येष्ठतेच्या यादीवर चालणाऱ्या आमच्या संस्थांनी हा भाग अवश्य वाचावा.

आज मूल्यांकनाच्या निमित्ताने महाविद्यालयांत 'मेंटॉर' नेमले जातात. पुष्कळदा ते वहीतील सह्यांपुरतेच असतात. अनेक पदे रिक्त आहेत. तासिका तत्त्वावरील प्राध्यापक पुढील वर्षी असेल की नाही हे त्यालाच ठाऊक नसते. येथे आचरियाची सोय कोण करणार? आणि गरज तर वाढली आहे. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवे शैक्षणिक धोरण आले. मुख्य विषय, दुय्यम विषय, श्रेयांक यांची निवड अठरा वर्षांच्या मुलीने करावयाची आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची वाटही आता अधिकृत आहे. सुशिक्षित घरातील मुलास ती सोय असेल. घरी पैशाची चणचण असलेल्या मुलीस तेच दार बाहेर ढकलू शकते. शिष्यवृत्तीचा अर्ज, स्वाधार योजनेची कागदपत्रे, जातवैधता प्रमाणपत्र यांतील एखादी तारीख चुकली की वर्ष हातचे जाते, आणि पुढे लोक म्हणतात, मुलाचे अभ्यासात लक्ष नव्हते.

वर्षावास आषाढ पौर्णिमेस सुरू होतो. पदवीचे प्रवेश आणि शिष्यवृत्तीचे अर्जही त्याच सुमारास येतात. त्या तीन महिन्यांत आमच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. श्रोत्यांत निवृत्त प्राध्यापक असतात, बँकेतील व समाजकल्याण खात्यातील कर्मचारी असतात, आणि मागच्या सतरंजीवर प्रथम वर्षाची मुले-मुली बसलेली असतात. वाचन संपल्यावर अर्धा तास त्यांच्या प्रश्नांसाठी ठेवण्यास विहार समितीला वेगळा ठरावही लागत नाही.