दामोदर कोसंबी यांची लेखसूची आणि कल्याणचा प्राचीन मार्ग

संशोधकाची योग्यता त्याच्या प्रकाशित निबंधांच्या संख्येवरून ठरविण्याची रीत आपल्या विद्यापीठांतून रूढ झालेली आहे. तिच्या जोडीला आणखी एक समज आहे. एकाच विषयात लिहितो तो तज्ज्ञ आणि अनेक विषयांत लिहितो तो वाट चुकलेला, असे मानले जाते. या दोन्ही मापांत न मावणारी एक लेखसूची महाराष्ट्राच्या विद्येतिहासात आहे. ती दामोदर धर्मानंद कोसंबी यांची होय. आपल्या ठाणे-कल्याण परिसराच्या बौद्ध इतिहासाशी या सूचीचा निकटचा संबंध असल्यामुळे तिचा परामर्श घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. पाली वाङ्मयाचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. १९१८ साली वडिलांसमवेत ते अमेरिकेस गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यानंतर बनारस, अलीगढ आणि पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांनी गणित शिकविले. १९४५ पासून १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांचा आरंभीचा एक निबंध ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षेविषयी असून तो १९३० साली भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात आला. १९३३ मध्ये त्यांचा भूमितीवरील निबंध जर्मनीतील प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यासोबत एली कार्तां या फ्रेंच गणितज्ञाची टिप्पणी छापली गेली, आणि त्या सिद्धांताच्या नावात पुढे कार्तां व चेर्न यांच्यासह कोसंबींचे नाव जोडले गेले. १९४३ चा त्यांचा निबंध संख्याशास्त्राचा आहे. त्यातील मूलभूत विचार कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी नंतर स्वतंत्रपणे मांडला आणि त्या दोघांच्या नावांनी तो जगभर ओळखला जाऊ लागला. १९४४ मध्ये तर ते आनुवंशशास्त्राकडे वळलेले दिसतात. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुकांतील अंतर कसे मोजावे, हा तेथील प्रश्न होता. गुणसूत्रांत एका ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी अदलाबदल होण्याचा संभव कमी होतो. ही गोष्ट हिशेबात घेणारे त्यांचे सूत्र पिकांच्या सुधारणेसाठी जनुकांचे नकाशे करणारे शास्त्रज्ञ आजही वापरतात.

याच काळात ते प्राचीन नाणी तोलीत होते. व्यवहारात फिरणारे नाणे हाताळणीने झिजते. चांदीच्या आहत नाण्यांच्या मागील बाजूस वेळोवेळी ठसे मारले जात. म्हणून ज्या नाण्यावर असे ठसे अधिक, ते अधिक काळ फिरलेले, आणि ते वजनाने हलके असले पाहिजे. कोसंबींनी तक्षशिलेच्या साठ्यातील नाणी एकेक करून तोलली आणि झिजेचा नियम पडताळण्यासाठी चालू व्यवहारातील नाणीही तोलली. नाण्यांचा कालक्रम ठरविण्यास दंतकथेऐवजी तराजूचा आधार त्यांनी दिला.

मग संस्कृत ग्रंथांचे संपादन आले. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ साली अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केली. १९५७ मध्ये वि. वि. गोखले यांच्या सहकार्याने त्यांनी संपादिलेला ‘सुभाषितरत्नकोश’ हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाला. त्याचा मूळ संग्राहक विद्याकर हा बंगालमधील बौद्ध पंडित होता. हिंदुस्थानात दिसेनाशा झालेल्या या संग्रहाची पोथी तिबेटातील विहाराने जतन केली होती, आणि राहुल सांकृत्यायन यांनी घेतलेल्या तिच्या छायाचित्रांचा संपादकांना उपयोग झाला.

ही सूची वरवर पाहता विस्कळीत वाटेल. परंतु तिच्यातील सूत्र एकच आहे. मोजता येईल ते मोजावे, ताडून पाहता येईल ते ताडून पाहावे, आणि परंपरेने सांगितले एवढ्यावरून काहीही स्वीकारू नये. हेच सूत्र घेऊन कोसंबी लेण्यांकडे आले.

पुण्यात राहून ते मुंबईस नोकरी करीत आणि डेक्कन क्वीन गाडीने जा-ये करीत. कार्ले-भाजे येथील लेण्यांच्या परिसरातून निघून भोर घाट उतरणारी ही लोहमार्गाची वाट कल्याण, डोंबिवली, ठाणे अशी मुंबईस जाते. घाटमाथा आणि बंदर यांना जोडणाऱ्या वाटा येथे फार जुन्या आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नरला जाता येत असे, आणि जुन्नरच्या डोंगरांत लेण्यांचे समूह आहेत. कोसंबी या वाटा पायांनी तुडवीत, वाटेवरील अश्मयुगीन हत्यारे गोळा करीत आणि शिलालेख वाचीत. १९५५ मध्ये कार्ल्याच्या लेखांतील धेनुकाकट या स्थळावर त्यांनी निबंध लिहिला, तर १९५६ च्या ‘ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ या ग्रंथात विहार आणि व्यापारमार्ग यांचा संबंध उलगडला.

त्यांचे प्रतिपादन असे, की विहार हे जगापासून तुटलेले एकांतस्थान नव्हते. तांड्यांच्या मार्गावर ते उभे राहिले, आणि त्या काळच्या उत्पादनात व व्यापारात त्यांना निश्चित स्थान होते. शिलालेख याची साक्ष देतात. साष्टीतील कान्हेरी पूर्वी ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. तेथील दानलेखांत कल्याणच्या दात्यांची नावे पुनःपुन्हा भेटतात. भिक्खुसंघासाठी पाण्याचे टाके देणारा कल्याणचा एक सोनारही त्यांत आहे. राजांच्या वंशावळीत ज्यांना जागा नाही, अशा कारागीर उपासकांचा इतिहास या कातळावर कोरलेला आहे. ज्याने नाण्यांची झीज तोलली, त्यालाच या लहान लेखांचे मोल कळावे, हा योगायोग नव्हे.

या सूचीत अपयशही आहे, आणि ते झाकून ठेवणे कोसंबींच्याच पद्धतीशी विसंगत ठरेल. १९५९ मध्ये कृषिसंख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात त्यांनी रीमानच्या प्रसिद्ध अनुमानासंबंधी निबंध लिहिला. त्यातील सिद्धता गणितज्ञांनी मान्य केली नाही. १९६२ नंतर संस्थेतील त्यांची नेमणूक पुढे चालू राहिली नाही. धेनुकाकट कार्ल्याच्या जवळच होते, हे त्यांचे मतही सर्व अभ्यासकांनी स्वीकारलेले नाही. अनेक क्षेत्रांत संचार करणाऱ्यालाही त्या त्या क्षेत्राची कसोटी चुकत नाही, हा येथील बोध आहे. संख्या मोजणाऱ्याला मात्र १९४४ चा निबंध आणि १९५९ चा निबंध दोन्ही सारखेच ‘एक’ दिसतात.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अर्थशास्त्र, कायदा, मानववंशशास्त्र, इतिहास आणि धर्म या विषयांवर लिहिले. त्यांना विषयांच्या कुंपणात कोंडणे आपणांस कधी मान्य होणार नाही. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण चार दृश्यांत न शोधता शाक्य-कोलियांच्या संघर्षात शोधण्याचा विचार धर्मानंदांनी मांडला होता, आणि बाबासाहेबांनीही ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ मध्ये तीच दिशा स्वीकारली. ऐकीव गोष्ट पारखून घेण्याची ही वृत्ती तथागतांनी कालामांना शिकविली होती.

म्हणून कल्याण-डोंबिवलीतील आपली एखादी विद्यार्थिनी रसायनशास्त्र शिकत असताना लेण्यांतील रंगांचा अभ्यास करू म्हणेल, किंवा संख्याशास्त्राचा विद्यार्थी कान्हेरीच्या दानलेखांतील व्यवसायांची मोजदाद करू म्हणेल, तेव्हा ‘तुझा विषय सोडू नकोस’ असे वडीलधाऱ्यांनी सांगू नये. त्या विषयाची शिस्त पुरती शिकून घे, एवढेच सांगावे. कान्हेरी, जुन्नर आणि लोनाड येथील लेण्यांना अशा अभ्यासकांची गरज आहे.