प्रवास

प्रवास : पुल्लिंगी नाम (सं. प्र + वस्). एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे, हा मराठीतला आजचा अर्थ. धातू मात्र जाण्याचा नसून राहण्याचा आहे. निवास, सहवास, वनवास, उपवास ही त्याचीच भावंडे. वस्तीही त्याच घरातली. ‘प्र’ने हे राहणे घरापासून लांब नेले, म्हणून संस्कृतात प्रवास म्हणजे परगावी राहणे.

हा दुरावा किती लांबत असे, ते मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दिसते. नवरा धर्मकार्यासाठी गेला असेल तर आठ वर्षे, विद्येसाठी किंवा यशासाठी सहा आणि कामेच्छेने गेला असेल तर तीन वर्षे बायकोने वाट पाहावी, असे तेथे सांगितले आहे. अशा नवऱ्याला ‘प्रोषित’ म्हणतात. हे याच धातूचे रूप. नाट्यशास्त्रातील अष्टनायिकांपैकी प्रोषितभर्तृका ही अशा नवऱ्याची बायको. ‘साहित्यदर्पणा’त विप्रलंभ शृंगाराच्या चार प्रकारांत ‘प्रवास’ हा एक धरला आहे. ‘मेघदूता’त वाट तुडवतो तो मेघ, पण या हिशेबाने प्रवासी ठरतो रामगिरीवर अडकून पडलेला यक्ष.

मराठीत जोर हळूहळू मुक्कामावरून वाटेवर सरकला. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये दोन्ही अर्थ नांदतात, कारण झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहूनच पाहिला. पुढे आगगाडीने मधले मुक्काम गाळले आणि शब्दात वाटच उरली, असे मानायला जागा आहे.

हिंदी, बंगाली, मल्याळममध्ये जुना अर्थ टिकून आहे. केरळात ‘प्रवासी’ म्हणजे बहुधा आखातात नोकरी करणारा. केंद्र सरकारचा ‘प्रवासी भारतीय दिवस’ (९ जानेवारी, २००३ पासून) याच अर्थाचा. गांधीजी १९१५ साली याच तारखेला दक्षिण आफ्रिकेतून परतले. मराठी कानाला मात्र हे नाव पर्यटकांच्या मेळाव्यासारखे वाटते. हिंदीतल्या ‘प्रवासी मजदूर’साठी मराठीत ‘स्थलांतरित मजूर’च हवे, शब्द तसाच उचलला की तो गाडीत बसलेला मजूर होतो.

स्थानकावरच्या घोषणेत हिंदी ‘यात्री’ म्हणते तेथे मराठी ‘प्रवासी’ म्हणते. मराठीत यात्रा देवाची, आणि जत्राही त्याच शब्दातून आलेली.