परक्या तज्ज्ञाचे वेतन

भिलाईच्या एका कडेला जुनवानी आहे. एके काळचे हे खेडे. आज तेथे अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये उभी आहेत. आमच्या शेजारच्या एका तिशीतल्या अभियंत्याला इंग्लंडमधील एका कंपनीने वर्षाला ३४ हजार पौंडांची नोकरी देऊ केली होती. कागदपत्रे पुरी होण्यापूर्वीच ४ एप्रिल २०२४ रोजी ब्रिटनने कुशल परदेशी कामगारासाठी असलेली सर्वसाधारण किमान वेतनाची मर्यादा २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर नेली, आणि हाती आलेली नोकरी गेली. जुलै २०२५ मध्ये तर ती ४१,७०० झाली. तो मुलगा मला म्हणाला, "काका, ३ एप्रिलला मी कुशल होतो, ४ एप्रिलला अकुशल झालो. हे कसे?"

मी सरकारी नोकर. नियमाची बाजू मांडण्याची मला सवय आहे. मी त्याला सांगितले की परक्याने स्वस्तात राबून स्थानिकाचा रोजगार बुडवू नये, यासाठी ही मर्यादा असते. आपल्याकडेही तसाच नियम आहे. २००९ च्या सुमारास वीजप्रकल्पांवर अनेक चिनी कामगार व्यापारी व्हिसावर आलेले आढळले, तेव्हा सरकारने नियम कडक केले. नोकरीच्या व्हिसासाठी वर्षाला किमान २५ हजार डॉलर पगाराची अट आली. पुढे ती १६ लाख २५ हजार रुपये अशी मांडली गेली. सूट मिळाली ती दूतावासांतील नोकरांना, इंग्रजीखेरीज इतर भाषा शिकविणाऱ्यांना, आणि आपापल्या देशाचे पदार्थ रांधणाऱ्या आचाऱ्यांना! आचाऱ्याच्या हाताचे मोल पगाराने होत नाही, एवढे तरी सरकारने ओळखले म्हणावयाचे.

मुलाचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. कारण आपल्या देशात परक्याच्या वेतनाचा प्रश्न पूर्वी नेमका उलट्या बाजूने विचारला गेला होता. परक्याला कमी पैसे मिळतात, ही तक्रार नव्हतीच. त्याच्यावर फार खर्च होतो, ही होती. १८९३ साली रुपयाचा भाव घसरला म्हणून युरोपीय अधिकाऱ्यांना विनिमयाची भरपाई म्हणून भत्ता देण्यात आला, आणि त्याचा भार येथील रयतेवर पडला. १८९७ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातील जेमतेम तिशीचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास लंडनला गेले. परकी नोकरशाहीचा खर्च त्यांनी आकड्यांनिशी मांडला. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. या व्यवस्थेत या देशातील माणसांची वाढच खुंटते, आणि ही हानी पैशाच्या हानीहून मोठी आहे, हे त्यांच्या म्हणण्याचे मर्म होते. माझ्या मते या विषयावर त्याहून नेमके काही अद्याप कोणी बोललेले नाही.

पोलादाच्या धंद्यात गोखल्यांच्या त्या मुद्द्याची कसोटी लागली. जमशेदपूरचा कारखाना उभारताना टाटांना अमेरिकन आणि युरोपीय तज्ज्ञ मोठ्या पगारांवर करार करून आणावे लागले. त्यांच्या जागी आपली माणसे तयार व्हावीत म्हणून १९२१ साली तेथे तंत्रशाळा निघाली. गंमत अशी की याच टाटांनी पोलादासाठी त्याआधी दुर्ग जिल्ह्याचाही विचार केला होता. दोराबजी टाटांनी नागपूरच्या संग्रहालयातील भूगर्भाचा नकाशा पाहिला, आणि तेथून ते दल्ली-राजहरा परिसरातील लोखंडापर्यंत पोहोचले. ते खनिज पुढे अर्धशतक तसेच पडून राहिले, आणि अखेर भिलाईच्या भट्ट्यांत गेले.

सोव्हिएत संघाशी भिलाईचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. त्या वेळी हा मुलूख ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. कर्ज अडीच टक्के व्याजाने, बारा वार्षिक हप्त्यांत फेडावयाचे. पण मला त्या व्यवहारात व्याजाच्या दरापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. शेकडो भारतीय अभियंते शिक्षणासाठी सोव्हिएत कारखान्यांत गेले, आणि इकडे आलेल्या रशियन तज्ज्ञांच्या जोडीला आपली माणसे कामास उभी राहिली. मुख्य अभियंता दिमशित्स पुढे सोव्हिएत संघाचे उपपंतप्रधान झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, मुंबईला पवईची तंत्रसंस्था निघाली, तीही युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत साहाय्याने. परक्याला किती द्यावयाचे, हा हिशेब तेव्हाही होताच. पण तो परत जाईल तेव्हा येथे कोण उरेल, हाही हिशेब त्याच कागदावर होता.

आजच्या व्हिसाच्या अर्जात, आपल्या काय किंवा ब्रिटनच्या काय, पगाराचा आकडा ठळक असतो. आलेला माणूस कोणाला काय शिकविणार, किंवा काय शिकून जाणार, यावर मात्र त्याची परीक्षा होत नाही. आकडा तपासणे कारकुनाला सोपे जाते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. तीस हजारांचा शिकाऊ अभियंता आणि साठ हजारांचा दलाल यांतला दुसराच त्या तराजूत जड भरतो.

शेजारचा मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. त्याचे आजोबा भिलाईच्या भट्टीवर एका रशियन माणसाच्या हाताखाली काम शिकले होते. त्या माणसाला पगार किती होता, हे त्यांना कधी कळले नाही. त्याने भेट दिलेले जाड हातमोजे मात्र घरात अजून आहेत.