तगाई आणि अनुदान

अडचणीच्या वर्षीं सरकारनें शेतकऱ्यास पैसा द्यावा, ही कल्पना अलीकडची आहे असा पुष्कळांचा समज असतो. आज छत्रपति संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबादेचा इतिहास पाहिला तर तो समज टिकत नाहीं.

१६३० सालीं सुरू झालेल्या दुष्काळानें दक्षिणेंतील गांवेंच्या गांवें ओस पाडलीं. पुढें लढाया आणि जुलमी वसुली यांमुळें वीस वर्षांनंतरही पुष्कळ जमीन पडीकच होती. १६५३ मध्यें औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हां मुर्शिद कुली खान या दिवाणानें उजाड मुलखाची घडी बसविण्याचें काम अंगावर घेतलें. त्यानें जमीन मोजविली, जेथें पाटील उरले नव्हते तेथें नवे नेमले, आणि बैल व बियाणें यांसाठीं तगाई दिली. ती पीक आल्यावर हप्त्यांनीं फेडावयाची असे. जेथें बटाई ठेवली, तेथें पावसाच्या पिकाचा निम्मा वांटा सरकारचा, पण विहिरीवरच्या धान्याचा तिसराच. ज्यानें स्वतःच्या कष्टानें पाणी काढलें, त्याच्या पदरीं अधिक राहावें, हें त्यांतील मर्म. हा कांहीं दयाधर्म नव्हे. रयत टिकली तरच खजिना भरेल, हा रोकडा हिशेब होता. पण हिशेब खरा होता.

१९७२ च्या दुष्काळांत मदत मुख्यत्वें मजुरीच्या रूपानें आली. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत सुमारें ५० लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं. खडी फोडण्याच्या कामाबरोबरच पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली. मजुरीनें तें वर्ष निभावलें. तलाव आणि बांध मागें उरले. १९७७ मध्यें रोजगार हमीचा कायदा झाला, आणि १९९० च्या सुमारास त्याच योजनेंतून शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानांत फळझाडें लावण्यास अनुदान मिळूं लागलें.

मग २०१२ सालीं पावसानें दगा दिला. औरंगाबाद आणि जालना या जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा टँकरच्या विकतच्या पाण्यावर जगविण्याची पाळी आली. ज्यांस तें झेपलें नाहीं, त्यांनीं पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेल्या झाडांवर कुऱ्हाड घातली. बागा वाचविण्यासाठीं सरकारनें हेक्टरी साहाय्य जाहीर केलें. पण मोसंबीचें झाड फळास येण्यास पांचएक वर्षें लागतात, आणि वाळून जाण्यास एक उन्हाळा पुरतो.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच, कीं मदतीची किंमत केवळ रकमेवरून ठरवूं नये. ती पेरणीपूर्वीं पोंचली काय, आणि जातांना जमिनींत कांहीं ठेवून गेली काय, हेंही विचारावें. साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या दिवाणास हे दोन्ही प्रश्न सुचले होते.